घर आवरणारीचा अधिकार

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून घर नीटनेटके कसे ठेवावे, अनावश्यक वस्तू कशा काढून टाकाव्यात, कपाटाचे कप्पे कसे लावावेत, यांविषयीचे लेख दरवर्षी नेमाने प्रसिद्ध होतात. आणि ते लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काही कारण नसले, तरी यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे लोहारा आणि त्याच्या पलीकडची कापूस पिकवणारी गावे ज्याने पाहिली आहेत, त्याला ते लेख वाचताना एक गोष्ट राहून राहून खटकते. ज्या आश्विन-कार्तिकात शहरातले घर रिकामे केले जाते, त्याच आश्विन-कार्तिकात कापूसकऱ्याचे घर भरू लागते. मृगाच्या पावसावर लावलेल्या पऱ्हाटीची बोंडे फुटतात, पहिल्या वेचणीला अनेक गावांत वावरातच दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादहीची पूजा होते, आणि त्या दिवसापासून गाठोड्या-गाठोड्यांनी घरी येणारा कापूस आधी सपरीत, मग माजघरात आणि अखेरीस माणसे जिथे निजतात त्या खोलीत आढ्याच्या दिशेने चढत जातो. घर आवरावे, असा उपदेश अशा घरातल्या बाईला कोणी केला, तर तिने नेमके काय आवरावे?

लोहारा हे आता निव्वळ खेडे राहिलेले नाही. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आणि रेमंडच्या डेनिम कापडाच्या कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही पोचले. यवतमाळ शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले आणि वस्ती नगरपरिषदेच्या हद्दीत आली. परंतु हद्द बदलली म्हणून घरातील वस्तू बदलत नाहीत. पाळीवर कारखान्यात जाणाऱ्या मुलाच्या बापाचे दोन-चार एकर वावर शेजारच्या शिवारात असतेच, आणि दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात कूलर, शिलाई मशीन आणि मुलांची दप्तरे यांच्या जोडीला फवारणीचा पंप, युरियाची अर्धी गोणी आणि कापसाची गंजी यांनाही जागा द्यावी लागते. हे घर एकाच वेळी निवास, वखार, औषधांचे भांडार आणि दप्तरखाना आहे. घर आवरण्याविषयी आजवर जे काही लिहिले गेले, ते बहुतांशी केवळ निवास असलेल्या घराला धरून लिहिले गेले आहे.

कापूस घरात का ठेवावा लागतो, याचे उत्तर शेतकऱ्याच्या हौसेत किंवा आळसात सापडणार नाही. ते बाजारात सापडते. २०२१-२२ च्या हंगामात कापसाच्या भावाने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या आठवणीवर विसंबून पुढच्या हंगामात, भाव ८,००० च्या आसपास घुटमळत असताना, असंख्य कुटुंबांनी कापूस विकला नाही. तो घरातच राहिला, उन्हाळा लागला, भाव वाढण्याऐवजी उतरला, आणि २०२३ च्या त्या दिवसांत विदर्भातल्या गावोगावी लोकांच्या अंगाला खाज सुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. महिनोन्महिने दाबून ठेवलेल्या कापसात बारीक कीटक होतात, तंतू आणि धूळ उडत राहते, आणि त्याच गंजीच्या कडेला अंथरूण टाकून निजणाऱ्या लेकरांच्या अंगावर पुरळ उठते. लेकरांचे अंग खाजते म्हणून कापूस विकावा, तर पडत्या भावाने वर्षाची मेहनत मातीमोल होते. ठेवावा, तर रात्रीची झोप जाते. १९७२ पासून पुढे कित्येक वर्षे राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. त्या योजनेचे दोष पुष्कळ होते, केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत, चुकारे हप्त्याहप्त्यांनी मिळत, परंतु कापूस केव्हा आणि कोठे न्यायचा हा प्रश्न तरी घरातल्या माणसांना रोज नव्याने सोडवावा लागत नसे. आता तो सोडवावा लागतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले, आणि व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीला माल द्यावा की भारतीय कपास महामंडळाच्या केंद्राची वाट पाहावी, या विवंचनेत गंजी जागच्या जागी राहिली. केंद्रावर ओलावा मोजला जातो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून अधिक ओल असेल तर माल परत. म्हणजे ओलसर जमिनीवर, गळक्या कोपऱ्यात कापूस ठेवून चालत नाही; घरातली जी जागा सर्वांत कोरडी आणि सर्वांत सुरक्षित, तीच त्याला द्यावी लागते, आणि ती जागा म्हणजे माणसांची निजायची जागा.

या सर्व व्यवहारात एक गोष्ट अशी आहे, की तिच्याकडे आपल्या समाजाने अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. घर आवरण्याचे काम बाईचे, हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. सारवण, पोतेरे, घटस्थापनेपूर्वी अंथरुणे-पांघरुणे धुणे, सणाला भांडी घासणे, हे सर्व तिच्याकडे. मात्र ज्या वस्तूंनी हे घर खऱ्या अर्थाने अडलेले असते, त्यांतील एकीवरही तिची मालकी नसते. कापूस केव्हा विकायचा ते घरधनी ठरवतो. औषधाच्या बाटल्या त्याने आणलेल्या, त्यांना हात लावायचा नाही. कागदपत्रांची पिशवी त्याच्या खुंटीला, ती उघडायची नाही. ज्या बाईने कापूस वेचला, घरी आणला, सपरीत रचला, तिला तो हलवण्याचा अधिकार नाही. आणि घर अस्ताव्यस्त दिसले की पाहुण्यांपुढे मान खाली मात्र तिला घालावी लागते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की कापसाच्या मुलखात घर आवरण्याचा प्रश्न हा शिस्तीचा किंवा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न होण्यापूर्वी तो अधिकाराचा प्रश्न आहे.

जपानच्या मेरी कोंडो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक गेल्या दशकात जगभर वाचले गेले, आणि आपल्याकडेही सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याचा मोठ्या आस्थेने स्वीकार केला. प्रत्येक वस्तू हातात घ्यावी, तिच्यामुळे मनाला आनंद होतो का ते पाहावे, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, ही त्यांची कसोटी. तिच्यातील सौजन्य मला मनापासून आवडते; निर्जीव वस्तूचेही आभार मानावेत, ही भावना पोळ्याला बैल पुजणाऱ्या आणि दसऱ्याला अवजारांना झेंडूची फुले वाहणाऱ्या माणसांना परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु ती कसोटी ज्याला टाकलेली वस्तू उद्या पुन्हा विकत घेता येते त्याच्यासाठी आहे. ज्याला ती घेता येत नाही, त्याची कसोटी एकाच क्रियापदात सामावलेली असते: लागेल. फाटके लुगडे गोधडीला लागेल, तेलाचा रिकामा डबा धान्याला लागेल, तुटलेल्या खाटेचे गाते मांडवाला लागेल. गरीब घरातील संचयाला अडगळ म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो संकटकाळासाठी उभारलेला, विम्याच्या हप्त्याविना चालणारा विमा आहे, आणि ज्यांच्या पिकाला खात्रीचे संरक्षण नाही त्यांना घरातील डबे टाकून द्या, असे सांगण्याचा नैतिक हक्क आपणांपैकी कोणालाही पोचत नाही. म्हणून डबे, चिंध्या, जुनी भांडी यांच्याविषयी मला काहीएक सांगावयाचे नाही. त्या आपल्या क्रमाने बोहारणीकडे आणि भंगारवाल्याकडे जातात, आणि तो क्रम घरातील बाईला आपणांपेक्षा चांगला कळतो.

किंबहुना काही वस्तू अशा आहेत, की ज्या दिसायला निव्वळ कचरा, पण टाकल्या तर घात करतात. बियाण्याची रिकामी पिशवी घ्या. पेरणी झाली, पाकीट फाडून झाले, आतले दाणे मातीत गेले. ते चकचकीत रंगीत पाकीट, त्यावरचा टॅग आणि दुकानदाराची पावती हे सर्व चुलीत घालावे, असेच कोणाही आवरणाऱ्या हाताला वाटेल. पण बियाणे उगवले नाही, किंवा बोंडअळीला दाद न देणारे म्हणून घेतलेले वाण अळीने पोखरले, तर राज्याच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली तक्रार करताना तेच पाकीट, तोच टॅग आणि तीच पावती पुरावा ठरते. म्हणूनच पीक निघेपर्यंत पावती, पिशवी आणि मूठभर बियाणे जपून ठेवा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळसह सगळ्या विदर्भातले कापसाचे पीक पोखरले, तेव्हा तक्रारीचे अर्ज भरताना कित्येकांना पावती सापडेना. नीटनेटक्या घराने त्या दिवशी त्यांना काही दिले नसते. जपलेल्या पाकिटाने दिले असते.

याच्या अगदी उलट प्रकार औषधाचा. आमच्याकडे कीटकनाशकाला सर्रास औषध म्हणतात, आणि औषध म्हटले की ते घरात, हाताशी, लेकराला न सापडेल इतपत उंचीवर ठेवायचे, ही रीत आपोआप लागू होते. कोणत्याही घराच्या कोनाड्यात पाहावे: खोबरेल तेलाची बाटली, कंगवा, करंडा, देवापुढे लावायच्या उदबत्त्यांचा पुडा, आणि त्यांच्या मागे, झाकण पुरते न बसलेली, लेबल तेलकट होऊन अर्धे सुटलेली एक बाटली, तळाशी दोन बोटे द्रव उरलेला. तो पुढच्या फवारणीला लागेल म्हणून ठेवलेला असतो. लेबलाच्या कोपऱ्यात चौकटीतला तो रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. पण लेबलच सुटले की रंगही गेला आणि इशाराही गेला.

या जिल्ह्याला त्या बाटलीचे सामर्थ्य नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल व्हावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डांत तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या रुग्णांच्या रांगा होत्या. त्या प्रकरणाची चौकशी झाली, मुखवटे आणि हातमोजे वाटण्यात आले, जबाबदारीविषयी पुष्कळ वाद झाला. परंतु वावरात जो पंप पाठीवर होता तो संध्याकाळी कोठे टेकवला गेला, ज्या बादलीत औषध कालवले ती रात्री कशाला वापरली, आणि तो भिजलेला सदरा घरातल्या कोणत्या कपड्यांच्या ढिगावर पडला व दुसऱ्या दिवशी कोणाच्या हातांनी धुतला गेला, हे प्रश्न त्या वादात क्वचितच आले. विष वावरातून घरी येते ते असे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशी स्पष्ट तरतूद आहे, की वापरलेली वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, ती पुन्हा वापरली जातील अशा रीतीने कोठेही टाकू नयेत. त्या नियमाला आता अर्धशतक उलटले. आणि डब्याची किंमत ओळखणाऱ्या आमच्या घरांत तोच डबा धुऊन पाण्याला, रॉकेलला, क्वचित धान्यालाही वापरला जातो. येथे मात्र ‘लागेल’ ही कसोटी सोडलीच पाहिजे, आणि ती सोडण्याचे काम घरधन्याच्या परवानगीवर अवलंबून ठेवता कामा नये.

बाटल्यांसाठी घरात एक कुलपाची पेटी ठेवा, असा उपाय सहज सुचतो, आणि मलाही तो पुरेसा वाटावा असा मोह होतो. पण त्याची परीक्षा झालेली आहे. श्रीलंकेत अनुराधापूरच्या परिसरातील १८० गावांत अशा पेट्या देऊन पाहण्यात आल्या, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हताशेच्या भरात होणाऱ्या विषबाधा केवळ घरातील पेटीमुळे कमी झाल्याचे दिसले नाही. पेटी घरात, किल्लीही घरातच. आणि ज्याच्यापासून विष दूर ठेवावयाचे, किल्ली पुष्कळदा त्याच्याच कमरेला. श्रीलंकेत १९९५ नंतर आत्महत्यांचे प्रमाण जे उल्लेखनीय रीत्या घटले, त्याचे श्रेय जाणकार अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने घातलेल्या बंदीला देतात. आपल्याच देशात, तमिळनाडूतल्या कुडलूर जिल्ह्यातल्या काही गावांत, निराळा प्रयोग झाला: गावात एक सामाईक खोली, तिच्यात बँकेतल्या लॉकरसारखे कप्पे, प्रत्येक शेतकऱ्याचा कप्पा त्याचा, पण खोली उघडणारा माणूस दुसरा. औषध लागेल तेवढे काढावे, उरलेले परत ठेवावे. त्या प्रयोगाची व्याप्ती लहान होती, तथापि लोकांनी तो स्वीकारला आणि परिणाम आशादायक दिसला. यवतमाळ जिल्ह्याइतकी या खोलीची गरज दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला असेल? संतापाची आणि निराशेची घटका बहुधा टळून जाते. त्या घटकेला विष चार हातांवर नसून गावाच्या दुसऱ्या टोकाला कुलपात असणे, यातच एखाद्या कर्त्या माणसाचा जीव वाचण्याची शक्यता असते. सहकारी सोसायट्यांच्या इमारती गावोगावी आहेत. त्यांतली एक खोली या कामी देण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

अंगणातल्या पऱ्हाटीविषयी दोन शब्द. कापूस संपला की उपटलेल्या झाडांचा भारा जळणासाठी घराच्या भिंतीला लावून ठेवायची पद्धत आहे, आणि चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो भारा म्हणजे वर्षाची बेगमी वाटते. परंतु किडक्या बोंडांसह रचलेल्या त्या ढिगात गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तेथूनच बाहेर पडते, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सर्वजण सांगत आले आहेत. घरात गॅसचे सिलिंडर असेल आणि ते भरून आणण्याची ऐपत असेल, तर पऱ्हाटी दाराशी ठेवायचे कारण उरत नाही. नसेल, तर निदान बोंडे झाडून, ती जाळून मग काड्या रचाव्यात.

आता कागद. मेरी कोंडो यांचा कागदांविषयीचा नियम असा, की मुळात सगळे टाकून द्यावेत आणि ज्यांच्याशिवाय खरोखरच चालत नाही तेवढे मोजके ठेवावेत. जपानी शहरातल्या नोकरदाराला तो शोभून दिसतो. परंतु सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, पीककर्जाचे पासबुक, विम्याची पावती, सोसायटीचा दाखला, जुनी वाटणी, या कागदांवर ज्याचे अस्तित्व उभे आहे, त्याच्या घरी हा नियम लागू करणे म्हणजे त्याला बेदखल करणे होय. आमच्याकडे कागद टाकले जात नाहीत हे बरेच आहे. ते लावले जात नाहीत हे वाईट आहे. दुकानातून साडी आली त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद कोंबून ती खुंटीला अडकवलेली असते. वरून चुलीचा धूर बसतो, आतून वाळवी लागते, आणि तलाठ्याकडे जाण्याच्या दिवशी सगळी पिशवी खाटेवर ओतली जाते. एके काळी याच महाराष्ट्रात दप्तर बांधण्याची एक सुजाण पद्धत होती. कागद विषयवार लावायचे, त्यांचा गठ्ठा चौकोनी कापडात घट्ट बांधायचा, त्या बासनाला रुमाल म्हणायचे. आणि पेशवे दप्तरातील असे हजारो रुमाल शाबूत राहिले म्हणून गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करता आले. चौकोनी फडके आणि दोन गाठी एवढेच त्यासाठी लागते.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची मोडी बाडे किंवा पोथ्या आहेत, त्यांना एक विनंती करावीशी वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले, ते राजवाड्यांतले जामदारखाने धुंडाळून नव्हे. पहिल्या खंडातील पत्रे वाईतल्या एका घरात मिळाली होती. आणि आपल्या यवतमाळातच डॉ. य. खु. देशपांडे यांनी वकिली सांभाळून गावोगावच्या पोथ्या मिळवल्या, शारदाश्रमाच्या द्वारे संशोधनाचे काम उभे केले, आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला. पोथी ज्यांच्या घरी होती त्यांतल्या अनेकांना तिची सांकेतिक लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी ती रद्दीत घातली नाही, म्हणून मराठी भाषेचा एक आद्य ठेवा उजेडात आला. न वाचता येणारा कागद टाकण्यापूर्वी वाचता येणाऱ्याला दाखवावा, एवढीच ती विनंती.

परंतु कागदांचा खरा अर्थ कळतो तो घरावर आघात कोसळतो त्या दिवशी. कर्ता पुरुष आत्महत्या करून गेला, तर २००६ च्या शासननिर्णयानुसार कुटुंबाला १ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. पण जमीन कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, हप्ता थकला होता काय, हे सर्व कागदांनिशी सिद्ध करावे लागते. ज्या बाईला ती खुंटीवरची पिशवी आयुष्यभर उघडू दिली गेली नाही, तिलाच सुतकाच्या दिवसांत ती उघडून त्यातून योग्य कागद शोधावा लागतो. आणि पुष्कळदा ज्या कर्जाची तिला वार्ताही नव्हती त्याचा कागद प्रथम त्याच दिवशी तिच्या हाती येतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली आणि पुरुषांनी आपण होऊन सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढवावे असे आवाहन केले. पाठोपाठ शासनानेही १९९२ साली त्यासाठी निर्णय काढला. ते कार्य मला अपूर्ण राहिलेले दिसते. सातबाऱ्यावर नाव यावे हे तर खरेच. पण त्याच्याही आधी, या वर्षी, या महिन्यात, घरातल्या बाईने सगळे कागद खाली उतरवून, वाचून किंवा शिकणाऱ्या लेकीकडून वाचवून घेऊन, जमिनीचा एक, कर्जाचा एक, बियाणे-विम्याचा एक आणि माणसांच्या दाखल्यांचा एक असे चार रुमाल बांधावेत, आणि ते बांधताना घरधन्याने शेजारी बसून प्रत्येक कागद कशाचा ते तिला सांगावे. माझ्या मते घर आवरण्याचा याहून महत्त्वाचा दुसरा विधी नाही.

जागेचा प्रश्न उरतो, आणि तो कुटुंबाने एकट्याने सोडवण्यासारखा नाही. वऱ्हाडातल्या जुन्या घरांना गोठा होता, धान्यासाठी पेव आणि कणगी होती, अवजारांसाठी वेगळी पडवी होती. म्हणजे शेतीचा पसारा आणि माणसांचा वावर यांच्यात निदान एक भिंत तरी होती. आज प्रधानमंत्री आवास योजनेतून खेड्यात मिळणारे घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे असते. त्यात माणसे राहावीत, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे; पण ज्याच्या घरी वीस क्विंटल कापूस येतो त्याने तो कोठे ठेवावा, याचा विचार त्या आराखड्यात नाही. घरकुलाच्या नकाशात भक्कम माळा आणि बाहेरच्या बाजूने उघडणारी, माणसांच्या खोलीशी संबंध नसलेली एक छोटी कोठडी असावी, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांसाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. माल गोदामात ठेवावा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने उचलावे, भाव आला की विकावा. राज्य वखार महामंडळ तर १९५७ पासून आहे. कच्चा कापूस फुगीर असतो, जागा पुष्कळ खातो, आगीचे भय असते, म्हणून गोदामवाले त्याला नाखूश असतात, हे मान्य. पण गोदामाला ज्या आगीचे भय वाटते, त्याच आगीच्या शेजारी, चुलीपासून दहा हातांवर, एक कुटुंब निजते, याचा विचार कोणी करावयाचा? जिनिंगच्या आवारात शेतकऱ्याच्या नावे पावती देऊन कापूस ठेवण्याची सोय झाली, तर माजघरातली गंजी नाहीशी होईल.

कालगणनेचीही एक गोष्ट आहे. शहरातले घर दिवाळीला आवरते. कापूसकऱ्याचे घर खऱ्या अर्थाने रिते होते ते चैत्र-वैशाखात, कापूस विकून झाल्यावर आणि मृगापूर्वी. सालदारांचे करार याच दिवसांत नव्याने होतात, नवे बियाणे आणि नवे औषध अजून घरात आलेले नसते, आणि भिंतीचे कोपरे वर्षातून एकदाच दिसू लागतात. बाटल्या काढण्याचे, पऱ्हाटी हलवण्याचे आणि रुमाल बांधण्याचे योग्य दिवस तेच. सुदैवाने १ मे रोजी राज्यभर ग्रामसभा भरतात, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. त्या महिलांच्या सभेने यंदा दोन ठराव करून पुढे पाठवावेत: एक, उरलेली कीटकनाशके आणि रिकामे डबे गोळा करण्यासाठी कृषी विभागाने आणि औषध विक्रेत्यांनी एक दिवस गावात यावे, दुसरा, सोसायटीच्या इमारतीत औषधांसाठी कुलपाची एक खोली द्यावी आणि तिची एक किल्ली महिला बचत गटाकडे असावी. लोहाऱ्यासारख्या नगरपरिषदेत गेलेल्या वस्त्यांना ग्रामसभा उरलेली नाही. तिथे हेच काम प्रभागाच्या नगरसेवकांनी अंगावर घ्यावे, कारण हद्दीबरोबर वावरे काही शहरात आलेली नाहीत, आणि त्या वावरांतला कापूस येत्या दसऱ्यानंतर पुन्हा त्याच दोन खोल्यांत यायचा आहे.